सात कलमी आई

परभणीत लेकरू रडलं, की पहिला आवाज लेकराचा असतो आणि दुसरा शेजारच्या काकूंचा. "कामून रडायलंय गं ते?" हा प्रश्न भिंतीपलीकडून येतो आणि उत्तरही तिकडूनच येतं, आईनं काही बोलायची गरज पडत नाही. पोट दुखायलं असंल. नजर लागली असंल. दात यायले असतील. परवा वांग्याची भाजी खाल्लीस, ती बाधली असंल. गॅसची टाकी घेऊन आलेला माणूससुद्धा "टाळू भरत जा त्याची" एवढं सांगूनच पैसे मोजून घेतो.

निदान झालं की निकाल. तो दोनच प्रकारचा असतो. एक, "उचल की बाई त्याला, किती रडवशील!" आणि दुसरा, "उचलू नको, सोकावंल!" दोन्ही निकाल एकच आजी देते. माहेरी आलेल्या लेकीचं लेकरू रडलं, तर ती हातातलं निवडणं टाकून धावते. सुनेचं रडलं आणि सून भाकरी थापत असली, तर तीच आजी जागची न हलता म्हणते, "रडू दे जरासं. रडल्यानं छाती मोकळी व्हती." रडण्याची पट्टी तीच असते. भाकऱ्या कोण थापतंय, त्यावर आमच्याकडचं बालमानसशास्त्र ठरतं.

अशा या गावात माझी पुतणी पुण्याहून पहिल्या बाळंतपणाला आली आणि येताना अटॅचमेंट पॅरेंटिंग घेऊन आली. तिच्या बॅगेत झबली-टोपडी कमी आणि विचार जास्त होते. त्यासाठी तिनं पैसे भरून ऑनलाइन कोर्स केला होता. वहिनींनी, म्हणजे तिच्या आईनं, विचारलं, "काय शिकवलं गं त्यात?"

"बाळाला जास्तीत जास्त अंगाशी ठेवायचं. रडलं की लगेच जवळ घ्यायचं. मागेल तेव्हा पाजायचं. रात्री आपल्याजवळच झोपवायचं."

वहिनी पुढचं ऐकायला थांबल्या. पुढं काही नव्हतं.

"एवढंच? मग पैसे कशाचे घेतेत?"

हे "एवढंच" पुस्तकात घातलं ते विल्यम सीअर्स या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी आणि त्यांच्या पत्नी मार्था यांनी. मार्था स्वतः परिचारिका. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला आलेल्या त्यांच्या 'द बेबी बुक'नं हा पंथ घरोघर नेला. या जोडप्याला आठ मुलं, त्यामुळं त्यांना अनुभव नव्हता असं कुणी म्हणणार नाही. माझ्या आजीला अकरा झाली होती. तिनं पुस्तक लिहिलं नाही, कारण तिला बसायलाच मिळालं नाही.

सीअर्स यांच्यावर प्रभाव होता जीन लिडलॉफ या बाईंच्या 1975 सालच्या पुस्तकाचा. या बाई व्हेनेझुएलाच्या जंगलात येक्वाना लोकांमध्ये राहिल्या आणि तिथल्या आया लेकरं कशी दिवसभर अंगावर वागवतात ते पाहून चकित झाल्या. त्याच सुमारास फ्रेडरिक लबोये नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी कोलकात्यात शांतला नावाची एक बाई लेकराला तेल चोळताना पाहिली आणि 1976 मध्ये त्यावर 'शांतला' हे पुस्तकच काढलं. आमच्याकडं न्हाऊ घालणाऱ्या बाईला साडी-चोळी आणि रोजचा चहा मिळतो. पॅरिसला फोटोसकट पुस्तक निघतं. थोडक्यात, जंगलातल्या आणि गल्लीतल्या आया जे करत होत्या ते पाश्चात्त्यांनी लिहून घेतलं, पुण्यानं मोबाइलवर उतरवून घेतलं आणि ते परभणीला पोचलं, जिथं ते आधीपासून चालूच होतं.

सीअर्स यांची कलमं सात. पूर्वी सरकारचा वीस कलमी कार्यक्रम होता. त्या मानानं हे कमीच. पण राबवायला बाई एकच, हा फरक.

पहिलं कलम, जन्मताच जवळीक. बाळ लगेच आईच्या छातीवर द्यावं. हल्ली सरकारी दवाखान्यातही तसं देतात आणि तासाभरात पाजायला लावतात, ते अगदी योग्य आहे. पण आमच्याकडं दवाखान्याच्या दारात आत्या, मावशी, मामी आणि "सहज आले होते" म्हणणारी एक लांबची काकू उभी असते. लेकरू आईकडं परत यायच्या आत ते कुणाच्या नाकावर गेलंय याचं मतदान झालेलं असतं. आजीच्या ओच्यात मधाची बाटली असते. वर्षाच्या आतल्या लेकराला मध देऊ नये, असं डॉक्टर सांगतात. आजी डॉक्टरांना "बरं" म्हणते आणि ते वळायची वाट पाहते.

दुसरं कलम, अंगावर पाजणं. यात तर महाराष्ट्राकडं स्वतःची दैवत-बाई आहे. कोजागिरीच्या रात्री रायगडाचे दरवाजे बंद झाले आणि तान्ह्या लेकरासाठी हिरकणी कडा उतरून गेली. शिवाजी महाराजांनी तिथं बुरूज बांधला, एसटीनं गाडीला तिचं नाव दिलं, आणि स्टँडवर पाजायच्या खोलीवर 'हिरकणी कक्ष' ही पाटी आली. ही कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या आयांना सांगतो. आई असावी तर अशी! पण त्या रात्री लेकरू घरात कुणाच्या भरवशावर होतं, आणि ती येईस्तोवर घरच्यांनी काय केलं, हे मात्र आपण कधी विचारत नाही. सगळा कडा एकट्या बाईनं उतरायचा आणि बाकीच्यांनी खालून "धन्य ती माउली" म्हणायचं, हीच पद्धत पुढं रूढ झाली.

2012 साली 'टाइम' मासिकानं मुखपृष्ठावर जवळपास चार वर्षांच्या मुलाला उभ्यानं पाजणारी आई छापली आणि अमेरिकेत गदारोळ झाला. जागतिक आरोग्य संघटना सहा महिने निव्वळ आईचं दूध आणि पुढं वरच्या अन्नासोबत दोन वर्षं किंवा त्याहूनही जास्त, असं सांगते. आमच्या गल्लीत ते मुखपृष्ठ कुणी पाहिलं असतं, तर एवढंच म्हणाले असते, "अजून तोडलं नाही व्हय? कडुनिंब लाव म्हणावं."

तिसरं कलम, लेकरू अंगावर बांधणं. मराठीत या कलमाचं सगळ्यांत गाजलेलं चित्र आमच्याच जिल्ह्यातल्या बाईनं काढलंय. गंगाखेडच्या जनाबाईनं विठोबाला असा रंगवलाय, की त्याच्या खांद्यावर एक, कडेवर एक, हाताला धरलेलं एक, आणि ही सगळी संतमंडळी. या देवाकडं ना पट्टे, ना बकला. जनाबाईची गोष्ट या विषयात आणखी एका कारणासाठी आठवावी लागते. ती लहान असतानाच आईबापाविना पंढरपूरला नामदेवांच्या घरी वाढली. लहानपणी आई जवळ नसलेलं लेकरू आयुष्यातून उठतं, असं छातीठोक सांगणाऱ्यांनी एकदा गंगाखेडला गोदावरीत पाय बुडवून बसावं.

अंगावर घेण्याचा फायदा मात्र खरा. 1986 साली मॉन्ट्रियलमध्ये हुन्झिकर आणि बार या दोघांनी काही आयांना सांगितलं, लेकरू रडत नसलं तरी रोज जास्त वेळ उचलून घ्या. सहा आठवड्यांच्या वयात, म्हणजे रडणं ऐन भरात असतं तेव्हा, ती लेकरं इतरांपेक्षा 43 टक्के कमी रडली. हे मी वहिनींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "उचलल्यावर कशाला रडंल ते?"

पुतणीनं पुण्याहून आणलेली पट्ट्यांची झोळी चार हजारांची होती. माझी आई, म्हणजे लेकराची पणजी, तिनं तिचा एक-एक पट्टा ओढून पाहिला आणि जुनं लुगडं काढून दाखवलं. दोन्हीचं काम एकच. पण खरी करामत केली ती जावयानं. शनिवारी पुण्याहून येऊन रविवारी सकाळी त्यानं ती झोळी छातीवर बांधली, लेकरू आत ठेवलं आणि वसमत रोडवर दूध आणायला निघाला. डेअरीपर्यंत जाऊन यायला दहा मिनिटं लागतात. त्याला तासभर लागला.

"पाहुणे, हाताला काय झालं?"

"काही नाही."

"मग बायकोला बरं नाही का?"

"बरी आहे की."

"मग लेकरू तुमच्याकडं कामून?"

याला पुण्याच्या जावयाकडं उत्तर नव्हतं. आमच्या पिढीकडंही नाही. आमच्या वेळी स्वतःच्या बापासमोर स्वतःचं लेकरू उचलायचं नाही, अशी रीत होती. भावाचं उचललेलं चालायचं. त्यामुळं घरातली सगळी लेकरं काकांच्या अंगाखांद्यावर वाढली आणि प्रत्येक बापानं आपलं लेकरू दाराआड, चोरी केल्यासारखं घेतलं. माझा थोरला भाऊ जावयाचा हा प्रकार बघून दिवसभर पेपरात तोंड खुपसून बसला होता. संध्याकाळी मागच्या खोलीत मी सहज डोकावलो, तर तो ती झोळी अंगावर चढवून पाहत होता. पोटामुळं बकल लागत नव्हतं. मला पाहून म्हणाला, "हे पट्टे लईच आखूड केलेत कंपनीनं."

चौथं कलम, जवळ झोपवणं. परभणीचा उन्हाळा ज्यानं पाहिलाय त्याला हे कलम शिकवू नये. एप्रिल-मेमध्ये गच्चीवर सतरंज्या पडतात आणि एका टोकाला आजोबा, दुसऱ्या टोकाला काका, मध्ये जितकी मावतील तितकी माणसं. लेकराची स्वतंत्र खोली सोडा, लेकराच्या बापाला स्वतंत्र उशी नसते. डॉक्टरांचं म्हणणं एवढंच, की तान्हं बाळ आईच्याच खोलीत, पण सपाट, घट्ट अंथरुणावर वेगळं असावं. मऊ गाद्या-उशा लांब, आणि पिऊन आलेला माणूस त्याहून लांब. हा शेवटचा मुद्दा आमच्या आज्या कुठलंही पुस्तक न वाचता काटेकोर पाळत आल्या आहेत.

पाचवं कलम, रडण्यावर विश्वास. लेकरू रडतं ते नाटक म्हणून नाही, काहीतरी सांगायला रडतं. आपल्याकडं म्हण आहे, रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही. ही म्हण आपण पगारवाढीसाठी वापरतो, लेकरासाठी नाही. लेकराला मात्र "सोकावंल" हे कलम लावतो. सिल्व्हिया बेल आणि मेरी एन्सवर्थ यांनी 1972 साली बाल्टिमोरच्या 26 लेकरांबद्दल लिहिलं, की ज्यांच्या आयांनी सुरुवातीच्या महिन्यांत रडण्याला लगेच ओ दिली, ती वर्षाच्या शेवटी कमी रडत होती. पुढं इतरांनी यावर वाद घातला. बारीक कुरकुरीला क्षणभर थांबलं तर काही बिघडत नाही, असंही पुढं आलं. पण तान्हं लेकरू उचलून घेतल्यानं सोकावतं, हा आमच्या भिंतीपलीकडचा सिद्धांत काही तिथं टिकला नाही.

सहावं कलम, लेकराला शिस्त लावायला निघालेल्या सल्लागारांपासून सावध राहा. सीअर्स यांना सल्लागार टाळता आले असतील. आमचे सल्लागार घरातच राहतात, आणि घर त्यांच्याच नावावर असतं.

सातवं कलम आहे तोल. म्हणजे लेकराचं बघता बघता आईनं स्वतःला आणि संसाराला विसरू नये. हे कलम यादीत शेवटी असल्यामुळं तिथवर कुणी पोचत नाही. पुतणीनं पहिली सहा पाठ केली होती. सातव्याच्या वेळी बाळ उठलं होतं.

इथं एक घोळ निस्तरायला हवा. पुतणीला वाटत होतं, ही सात कलमं पाळली नाहीत तर लेकराचं 'अटॅचमेंट' बिघडेल आणि ते मोठेपणी कुणावर विश्वास ठेवणार नाही. हा गोंधळ जगभर आहे. अटॅचमेंटचा सिद्धांत हा सीअर्स यांच्या कलमांपेक्षा जुना आणि त्यांच्यापासून वेगळा आहे. तो मांडला जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञानं. हे गृहस्थ सुखवस्तू घरात वाढले. त्या काळच्या रीतीप्रमाणं आईची भेट चहानंतर तासभर, बाकी दिवस दाईकडं. ते चार वर्षांचे असताना ती लाडकी दाई गेली आणि तो घाव त्यांना जन्मभर आठवला. आई दुसऱ्या खोलीत होती, पण घाव दाईचा होता. रक्ताचं कोण यापेक्षा रोज हाकेला कोण येतं, हे लेकरू बघत असतं.

बोल्बींच्या सहकारी मेरी एन्सवर्थ 1950च्या दशकात युगांडातल्या आयाबाळांना पाहत हिंडल्या आणि पुढं बाल्टिमोरला त्यांनी एक प्रयोग बसवला. वर्षभराचं लेकरू, आई, खेळणी आणि एक अनोळखी बाई. सगळा मिळून वीसेक मिनिटांचा खेळ. आई दोनदा खोलीबाहेर जाते आणि परत येते. ती आल्यावर लेकरू काय करतं ते पाहायचं. बिलगलं, शांत झालं आणि परत खेळायला लागलं, तर त्याचा आईवर भरवसा आहे. बाहेरून येणाऱ्या आईकडं पाहिलंच नाही, किंवा बिलगूनही लाथा झाडत राहिलं, तर भरवशात कुठंतरी अडचण आहे. यात लेकरू झोळीत होतं की पाळण्यात, बाटलीवर की अंगावर, शेजारी झोपलं की वेगळं, याचा कुणी हिशेब मांडत नाही.

हा प्रयोग परभणीत बसवायचा म्हटला, तर पंचाईत अनोळखी बाईची होईल. खोलीत येणारी बाई आल्या आल्या विचारणार, "कुणाचं गं हे? गाव कोणतं तुमचं?" आई म्हणणार मानवत. "अगं बाई! मानवतला कोणाकडचे?" तिसऱ्या मिनिटाला त्या बाईची नणंद सेलूला दिलेली निघणार आणि ती आईच्या मावसबहिणीची जाऊ लागणार. आई ठरल्याप्रमाणं खोलीबाहेर जाईल तेव्हा लेकरू या नव्या मावशीच्या मांडीवर बसून बिस्कीट खात असेल. आई परत येईल तेव्हा दोघी मिळून तिलाच सांगतील, "जा तू निवांत, आमचं चाललंय." काचेआड बसलेल्या संशोधकाच्या वहीत नुसती तारीख राहील.

विनोद सोडला तर यात तथ्य आहे. 1964 साली शॅफर आणि इमर्सन यांनी ग्लासगोत 60 लेकरं पाहिली. दीड वर्षाची होईस्तोवर बहुतेकांचा जीव एकापेक्षा जास्त माणसांत गुंतलेला होता. त्यात बाप होते, आजी-आजोबा होते, भावंडं होती. आपल्याकडं सुझन सिमोर यांनी भुवनेश्वरमध्ये वर्षानुवर्षं घरं पाहिली आणि 1999 साली पुस्तकात लिहिलं, की तिथं एक आई नसते, अनेक हात असतात. एन्सवर्थ यांचा प्रयोग वापरणाऱ्या आठ देशांतल्या 32 अभ्यासांची बेरीज झाली, तेव्हा सगळीकडं भरवसा असलेली लेकरंच सर्वांत जास्त निघाली आणि देशादेशांत जितका फरक होता त्याहून जास्त एकाच देशातल्या घराघरांत होता. एडवर्ड ट्रॉनिक यांनी आई-बाळाच्या हालचाली क्षणाक्षणानं तपासल्या, तर चांगल्या आयांचेही सूर बराचसा वेळ जुळलेले नव्हते. लेकरू एक म्हणतंय, आई दुसरंच करतेय; मग चूक कळते, परत जुळतं. लेकरू शिकतं ते या परत जुळण्यातून. विनिकट या ब्रिटिश डॉक्टरांनी तर आईला "पुरेशी चांगली" एवढंच असायला सांगितलंय. पैकीच्या पैकी मार्क त्यांनी मागितलेच नव्हते. ते आपण सासूच्या हट्टापायी काढायला निघालो.

आता दुसरा घोळ. पुतणीच्या थोरल्या भावाला, माझ्या पुतण्याला, भीती होती की इतके लाड केले तर पोरगा शेफारेल. म्हणजे जवळ घेणं आणि मोकाट सोडणं यांना तो एकच समजत होता. अमेरिकेत डायना बॉमरिंड यांनी 1960च्या दशकात आईबापांच्या तीन तऱ्हा सांगितल्या: नुसता धाक, नुसते लाड आणि तिसरी, ज्यात माया आहे पण नियमही आहेत. 1983 साली मॅकोबी आणि मार्टिन यांनी चौथी जोडली, ती दुर्लक्षाची. तिसरी बरी, असं बहुतेक अभ्यास सांगतात. आपल्याला तिचा पुरावा शोधायला दूर जायला नको. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली श्यामची आई आठवा. मुलाचे ओले तळवे मातीनं मळू नयेत म्हणून लुगड्याचा पदर दगडावर पसरणारी आणि पोहायला न जाणाऱ्या त्याच मुलाला शिंपटीनं हाकणारी बाई एकच. शिंपटीची बाजू मी आज घेणार नाही. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानं ती शाळेतून काढलीय आणि घरातूनही जायला हवी. पण त्या घरात पदर आणि नियम एकत्र नांदत होते.

बॉमरिंडबाईंची अडचण अशी, की त्यांनी पाहिलेल्या घरांत आईबाप दोघंच होते. आमच्या एका घरात चारही तऱ्हा एका छपराखाली राहतात. बाप म्हणजे धाक. आजोबा म्हणजे लाड. आई म्हणजे नियम आणि माया. आणि चुलत आजोबा, म्हणजे मी, म्हणजे दुर्लक्ष. या सगळ्याचा लेकरावर काय परिणाम होतो? थोरल्या पुतण्याचा पाच वर्षांचा मुलगा मी जवळून पाहतो. त्याला कुरकुरे हवे असले, की तो आधी आईकडं जातो. आई म्हणते, "जेवल्यावर." बापाकडं तो जातच नाही. आजोबांच्या खिशात हात घालतो, दहाची नोट काढतो, माझ्यासमोरून दुकानात जातो, कारण मी बघणार नाही हे त्याला ठाऊक आहे, आणि परत येऊन कुरकुऱ्याचं रिकामं पाकीट बापाच्या खुर्चीखाली टाकतो. कोणत्या खिडकीवर कोणतं काम होतं, हे त्याला शाळेत जायच्या आधी कळलं. संगोपनाचा याहून ठोस परिणाम मी कुठं वाचलेला नाही.

आईबाप लेकराला घडवतात तसं लेकरूही आईबापांना घडवतं, हे बहुतेक आईबापांना दुसऱ्या लेकराच्या वेळी कळतं. पहिलं शांत निघालं, तर ती दोघं पुस्तक लिहायच्या बेतात असतात. दुसरं येतं आणि रात्री दोनला घर डोक्यावर घेतं, तेव्हा पुस्तक मागं पडतं. न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस यांनी 1956 पासून मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून सांगितलं, की लेकरं आपापला स्वभाव घेऊनच येतात. काही सोपी, काही अवघड, काही हळूहळू रुळणारी. आमच्या कृषी विद्यापीठात भेंडीचं 'परभणी क्रांती' हे वाण काढताना कितीतरी वाफ्यांत, कितीतरी हंगामांत चाचण्या झाल्या, तेव्हा कुठं ते केवडा रोगाला तोंड देतं असं म्हणायची हिंमत झाली. आईबाप मात्र एकाच लेकरावर, एकाच हंगामात, शेजारच्या वाफ्याशी तुलना करून निष्कर्ष काढतात. पीक चांगलं आलं तर आमची पद्धत, वाईट आलं तर त्यांच्याकडचं रक्त.

जुन्या माणसांनी यावर तोडगा काढून ठेवला होता. पाचवीच्या रात्री सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते. पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवून आपण झोपायचं. पुढं पोरगं नापास झालं काय आणि कलेक्टर झालं काय, आईला कुणी जबाबदार धरायचं नाही. सटवाईला बाजूला सारून आपण सगळी लेखणी आईच्या हातात दिली आणि त्याला प्रगती म्हणालो. बरं, शास्त्रज्ञही कमी नव्हते. अमेरिकेत जॉन वॉटसन यांनी 1928 साली आयांना सांगितलं, की मुलांना मिठ्या मारू नका, पापे घेऊ नका, सकाळी हस्तांदोलन करा. त्यांचा उपदेश ऐकून एक पिढी हात मिळवून वाढली. सीअर्स यांचा ऐकून दुसरी छातीला बांधून वाढली. दोन्ही वेळा चुकली ती आईच. जिल्ह्याच्या नावावर एक जुनं वाक्य आहे, "बनी तो बनी, नहीं तो परभणी." आईबापांना दोष द्यायची हौस असणाऱ्यांनी ते पाठ करावं. बरंचसं त्यातच येतं.

आणि ज्यांच्या वाट्याला ही कलमं सक्तीनं येतात, त्यांच्याबद्दल कुणी कोर्स काढत नाही. दिवाळी सरली, की गंगाखेड-पालमकडच्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीला जोडपी निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. तान्हं लेकरू आईसोबत फडात जातं, तिथं लुगड्याच्या झोळीत, उसाच्या पाचटाच्या कडेला असतं. दिवसरात्र आईच्या जवळ, मागेल तेव्हा दूध, रात्री कोपीत एकाच अंथरुणावर. सातवं कलम सोडलं, तर पुस्तकातला एकही नियम मोडलेला नाही. थोडं मोठं झालेलं लेकरू गावात आजीजवळ राहतं आणि आजीच त्याची आई होते. त्या बाईला कुणी सांगायला नको, की लेकरू जवळ असावं. तिला हवी आहे सुट्टी. 2017 सालच्या कायद्यानं नोकरदार बायकांना बाळंतपणाची 26 आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. फडातल्या बाईला उचल फेडायची असते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला शिकवणंच लेकरांच्या अंगणात नेलं. आईचे हात कामात असतील तेव्हा दुसरे कुणाचे तरी असावेत, ते असे.

तेव्हा सीअर्स साहेबांच्या यादीला परभणीकडून एक आठवं कलम जोडावं, असा माझा प्रस्ताव आहे. बाळाच्या आईला रोज दोन तास सलग झोपू द्यावं. त्या वेळात लेकरू आजोबांनी, काकांनी, आणि पट्टे आखूड वाटले तरी बापानं सांभाळावं. बाळाला बघायला येणाऱ्यांनी झबलं-टोपडं आणलं नाही तरी चालेल. सल्ला मात्र द्यायचाच असेल, तर आधी न्हाणीघरात जाऊन दुपटी धुवावीत आणि ती पिळता पिळता काय तो द्यावा. माझा अंदाज आहे, तिसऱ्या दुपट्याला बरेचसे सल्ले आपोआप मागं घेतले जातील.